डिकीतली छोटी बॅटरी

हायब्रिड गाडीत दोनशे व्होल्टच्या आसपासची मोठी बॅटरी भरलेली असते, आणि तरीही बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी बसली की गाडी जागची हलत नाही. बहुतेक मालकांना हे कळतं ते सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, सकाळच्या घाईत. बटण दाबलं की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लुकलुकतात, कुठून तरी रिलेची टकटक ऐकू येते, किंवा काहीच होत नाही. ‘रेडी’चा दिवा लागत नाही. माणूस तिथल्या तिथे लाखाचा हिशेब मांडतो: हायब्रिड बॅटरी गेली. बहुतेक वेळा ती ठणठणीत असते.

*

असं का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. गाडी बंद असताना मोठी बॅटरी बाकीच्या गाडीपासून पूर्ण तोडलेली असते. तिच्या दोन्ही टोकांना दणकट रिले असतात आणि बंद गाडीत ते सुटलेले राहतात. अपघात झाला, गाडी पाण्यात गेली, मेकॅनिकचा हात आत गेला, तर मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलमध्ये वीज असता कामा नये, म्हणून ही तजवीज. रिले जोडायला बारा व्होल्ट लागतात. ते जोडावेत की नाही हे ठरवणाऱ्या कॉम्प्युटरलाही बारा व्होल्टच लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये मोठ्या बॅटरीत १६८ सेल, प्रत्येकी १.२ व्होल्टचा, म्हणजे २०१.६ व्होल्ट. कोठार भरलेलं, पण किल्ली या छोटीकडे. मला ही रचना योग्य वाटते. माणसाच्या जिवासाठी केलेली आहे. फक्त गाडी हातात देताना कोणी हे सांगत नाही. टचस्क्रीनला फोन कसा जोडायचा हे अर्धा तास दाखवतात, आणि ही पाच मिनिटं राहून जातात.

*

ही बॅटरी आधी इशारा देत नाही. पेट्रोल गाडीत सेल्फ कण्हायला लागला की दोन आठवडे आधीच समजतं. प्रियससारख्या हायब्रिडमध्ये वेगळा सेल्फ नसतोच. इंजिन फिरवते ती मोठ्या बॅटरीवरची मोटर. डायनमोही नाही, छोटीला चार्ज करतो डीसी-डीसी कन्व्हर्टर, तोही मोठीच्या जिवावर. छोटीचं काम फक्त सगळ्यांना जागं करण्याचं. म्हणून ती आकाराने लहान दिली जाते, प्रियसमध्ये ३५ ते ४५ अँपिअर-अवरच्या घरातली. काम हलकं, त्यामुळे अर्धीअधिक खराब झालेली बॅटरीही काल रात्रीपर्यंत गाडी चालू करून देते.

*

मल्टिमीटर काही शे रुपयांना मिळतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२च्या खाली गेली की काळजी करायची. ‘रेडी’ लागल्यावर १४च्या आसपास दिसलं पाहिजे. तसं दिसलं तर कन्व्हर्टर काम करतोय. दार उघडलं की आतले कॉम्प्युटर जागे होतात आणि आकडा थोडा खाली येतो, तेव्हा जरा थांबून मोजावं. नुसत्या आकड्यावर मात्र विसंबू नये. जुनी बॅटरी १२.५ दाखवते आणि भार पडला की कोसळते. दुकानात लोड टेस्ट करून घ्यावी.

*

धक्का मारून ही गाडी चालू होत नाही. वॉचमन, ड्रायव्हर, जमलेले शेजारी प्रेमाने पुढे येतात, त्यांना आधीच सांगावं. प्रियसमध्ये पार्किंगचं लॉकही विजेवर चालतं, म्हणजे छोटी बॅटरी गेली की चाकं सुटतच नाहीत. बरं, टोइंगची गाडी बोलवावी तर तळघराच्या छताखाली ती मावत नाही. समोरची चाकं जमिनीवर ठेवून ओढणं तर टाळायलाच हवं, कारण मोटर चाकांना जोडलेली असते आणि चाकांबरोबर तीही फिरते.

*

आत शिरणं हीच पहिली अडचण. रिमोट मेलेला नसतो, त्याचं ऐकायला गाडीत कोणी जागं नसतं. रिमोटच्या पोटात लोखंडी किल्ली असते, ती ड्रायव्हरच्या दाराला चालते. कुलपाचं भोक काही गाड्यांत हँडलवरच्या प्लॅस्टिकच्या टोपणाखाली असतं. पुढे आणखी पेच: त्या दोन पिढ्यांच्या प्रियसमध्ये बॅटरी डिकीत, आणि डिकीची कडी विजेवर. म्हणूनच बॉनेटखाली फ्यूजच्या डब्यात लाल टोपणाखाली एक पॉझिटिव्ह टोक काढून ठेवलेलं आहे. बॉनेट साध्या तारेने उघडतं. ज्याने हे टोक तिथे ठेवलं त्याने भर पावसात अडकलेल्या माणसाचा विचार केला होता.

*

जंपर केबल लावताना क्रम पाळावा. लाल चिमटा आपल्या पॉझिटिव्ह टोकाला, लालचं दुसरं टोक मदतीच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळा तिच्या निगेटिव्हला, आणि काळ्याचं शेवटचं टोक आपल्या गाडीच्या रंग नसलेल्या धातूवर, एखाद्या उघड्या बोल्टवर. काही मिनिटं थांबायचं. मग ब्रेक दाबून पॉवर बटण. ‘रेडी’ लागला की उलट्या क्रमाने चिमटे काढायचे. सेल्फ फिरवायचा नसल्याने इथे फार करंट लागत नाही. हातात मावणारा जंप स्टार्टरही पुरतो. तो घरात चार्ज करून ठेवावा. बंद डिकीत ठेवला तर अडीअडचणीला मिळायचा नाही.

लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर मात्र मोठं नुकसान. फ्यूज उडतो तेव्हा स्वस्तात सुटलो म्हणायचं. कन्व्हर्टर किंवा इन्व्हर्टर गेला तर बॅटरीच्या कितीतरी पट खर्च. अंधार असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून + आणि − डोळ्यांनी वाचावेत. नारिंगी केबलला हात लावायचा नाही, मेकॅनिकलाही लावू द्यायचा नाही.

*

आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याची पेट्रोल गाडी चालू करून द्यावी का? मी नाही म्हणतो. त्या गाडीचा सेल्फ शंभराहून अधिक अँपिअर ओढतो, आणि आपली छोटी बॅटरी आणि तिचा कन्व्हर्टर त्यासाठी बनलेले नाहीत. शेजाऱ्याला नकार देणं जड जातं. त्याला तो घरातला जंप स्टार्टर द्यावा.

*

छोटी बॅटरी बसते कशामुळे? ब्रेक न दाबता बटण दाबलं की गाणी लागतात, पण ‘रेडी’ लागत नाही, म्हणजे मोठी बॅटरी जोडलेलीच नसते. मुलांची शाळा सुटेपर्यंत तासभर असं बसलं की सगळा भार छोटीवर. ‘रेडी’त बसावं, गरज पडली तर इंजिन आपणहून चालू होईल. पण म्हणूनच बंद गॅरेजमध्ये असं बसू नये, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. बाकी, रात्रंदिवस जागा असणारा डॅशकॅम, गाडीशेजारच्या खोलीत टांगलेली स्मार्ट की, आणि आठवडेच्या आठवडे उभी असलेली गाडी.

*

आणि ऊन. शिशाच्या बॅटरीबद्दल सर्वसाधारण नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याला मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो. तिथे बॅटरी उन्हाळ्यात झिजते आणि डिसेंबरच्या पहाटे बसते, मग दोष थंडीला जातो. विदर्भात तीन वर्षं झाली की दर दिवाळीला तपासून घ्यावी.

*

शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली बनवली. पहिली प्रियस जपानमध्ये १९९७ साली आली. मधल्या काळात सगळं बदललं, ही राहिली. विजेवरच्या बहुतेक गाड्यांतही बारा व्होल्टची वेगळी बॅटरी असते, आणि ती बसली की त्याही अशाच अडतात.

*

परदेशात विकल्या गेलेल्या ह्युंदाई आयोनिक हायब्रिडमधली सोय मला फार आवडते. तिथे बारा व्होल्टलाही लिथियम बॅटरी, आणि ती तळाला जायच्या आधी स्वतःला तोडून घेते. स्टिअरिंगजवळचं रीसेट बटण दाबायचं, पंधरा सेकंदांत गाडी चालू करायची आणि निदान अर्धा तास चालू ठेवायची. केबल नको, शेजारी नको. आपल्याकडच्या प्रत्येक हायब्रिडमध्ये असं बटण हवं.

*

नवी घेताना: बॅटरी प्रवासी बसतात त्या भागात किंवा डिकीत असेल तर एजीएम प्रकारचीच, आणि वायू बाहेर नेणारी बारीक नळी पुन्हा जोडलेली हवी. चार्ज होताना हायड्रोजन निघू शकतो. ‘साधी पण चालते, साहेब’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडून घेऊ नये. गाडी ‘स्ट्राँग’ हायब्रिड आहे की ‘स्मार्ट’ हायब्रिड, हेही त्याला स्पष्ट सांगावं. मारुतीच्या ‘स्मार्ट’ हायब्रिडमध्ये शिशाच्या बॅटरीवर सेल्फ फिरतो, तिचं गणित वेगळं. जुनी बॅटरी भंगारवाल्याला नको. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, दुकानात द्यावी.

*

मुलाकडे अमेरिकेला सहा महिने निघालेल्यांसाठी. निगेटिव्ह टोक दहा नंबरच्या पान्याने सोडून ठेवता येतं, पण बॅटरी डिकीत असेल तर परत आल्यावर डिकी कशी उघडणार हे आधी पाहून ठेवावं. नाहीतर शेजाऱ्यांकडे किल्ली द्यावी: आठवड्यातून एकदा, गाडी तळघरातून वर उघड्यावर आणून, ‘रेडी’त तासभर. आणि निघण्यापूर्वी त्यांना आपल्या देखत एकदा करायला लावावं. ब्रेकवर पाय, मग बटण.