टांगलेला फोन

उपशीर्षकं लावून इंग्रजी मालिका बघायची मला खोड आहे. परवा त्यातली एक बाई समुद्रकिनाऱ्यावर मोबाइल कानाला लावून पलीकडच्याला विनवत होती, ‘हँग अप’ करू नकोस. टांगू नकोस! आसपास टांगायला खिळासुद्धा नव्हता. पुढच्या कथेतलं माझं लक्षच उडालं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेत फोन भिंतीवर असायचा. बोलायचं पेटीवरच्या कर्ण्यात, कानाला लावायचा तुकडा वेगळा. बोलणं झालं की तो बाजूच्या आकड्याला अडकवायचा. त्याच्या वजनाने आकडा खाली जाई आणि बोलण्याचं सर्किट तुटे. म्हणून ते ‘हँग अप’. बोलणं वजनाने संपायचं, हे मला फार आवडतं. ‘हँग अप’पुढे ‘ऑन’ एवढं शेपूट जोडलं की झालाच अपमान. ‘हँग अप’ म्हणजे नुसता फोन ठेवणं, ‘हँग अप ऑन’ म्हणजे समोरच्याच्या तोंडावर आपटणं. दोन अक्षरांनी एवढा माज करू नये.

मुंबईत एक्स्चेंज १८८२ सालीच आलं, पण आमच्या मामाकडे फोन यायला पुढची कित्येक दशकं गेली. काळा, जड, क्रोशाच्या रुमालावर बसवलेला. तबकडीच्या भोकात इवलंसं कुलूप, किल्ली मामाच्या जानव्याला. मामेभावाला किल्लीची गरजच नव्हती. तबकडी परत फिरताना आकड्याइतक्या वेळा सर्किट तोडते. एकला एकदा, शून्याला दहादा. रिसीव्हरखालची बटणं दाबली तरी तेच होतं. एक्स्चेंज बिचारं खटके मोजतं, ते कुणी दिले हे बघत नाही. हा पठ्ठ्या रिसीव्हर कानाला लावून डोळे मिटायचा आणि बटणावर टिचक्या द्यायचा. भराभर पाच, जरा दम, मग तीन. म्हणजे टांगून टांगूनच फोन लावायचा! शून्यावर मात्र घात व्हायचा. सातव्या-आठव्या टिचकीला बोट रेंगाळलं की भलत्याच घरात घंटी वाजायची आणि कुणीतरी झोपमोड झालेला ‘कोण पाहिजे?’ म्हणून खेकसायचा.

बिल आलं की मामा आधी कुलूप ओढून बघायचा. कुलूप शाबूत. मग टेलिफोन खात्याच्या नावाने शिमगा.

मामीला सगळं ठाऊक होतं. मामा कचेरीत गेला की ओले हात पदराला पुसत ती बाहेर यायची आणि हळूच म्हणायची, “माझ्या ताईला लाव रे जरा.”

ताईच्या नंबरात दोन शून्यं होती.