नगरला गेल्यावर जेवायचे कोठे?



आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. १७ हजार चौरस किलोमीटरांचा पसारा आणि १४ तालुके. अकोले तालुक्यातल्या डोंगरातून किंवा जामखेडच्या टोकावरून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे म्हणजे कोंबडा आरवायच्या आत घर सोडावे लागते आणि परत पोचेपर्यंत दिवेलागण होऊन जाते. २०२४ साली शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. बोलताना मात्र आपण अजून "नगरला जाऊन येतो" असेच म्हणतो, म्हणून मीही येथे नगर असेच लिहितो.

नगरला निघताना सात-बारा, आधार कार्डाची झेरॉक्स, फोटो, बँकेचे पुस्तक हे सगळे पिशवीत नीट घातलेले असते. दुपारी जेवायचे काय, एवढे मात्र ठरलेले नसते. मग स्टँडवर दोन वडापाव, त्यावर चहा, कचेरीबाहेर भजी, पुन्हा चहा. "हॉटेलात उगाच शंभर रुपये कशाला घालवा" असे म्हणणारा माणूस तुकड्यातुकड्याने तेवढेच पैसे घालवतो, आणि वर डोकेदुखी व आंबट ढेकर घेऊन घरी येतो.

हा लेख लिहायला एक निमित्त झाले. मागच्या पावसाळ्यात माझ्या कार्यक्षेत्रातील एक शेतकरी नगरच्या एका इस्पितळात होते. जवळ त्यांची पत्नी एकटीच. मुलगा दूध घालायला आणि जनावरे पाहायला गावी. मी बैठकीसाठी नगरला गेलो होतो, म्हणून पहिल्याच दिवशी भेटून आलो. डॉक्टर काय म्हणाले, रक्ताची सोय झाली का, पैसे आहेत का, सारे विचारले. "वहिनी, तुम्ही जेवलात का?" एवढे विचारायचे राहिले. चौथ्या दिवशी मुलाचा फोन आला, "साहेब, आई जिन्यात चक्कर येऊन पडली."

चार दिवस ती माउली चहा आणि बिस्किटांवर होती. मनगट मोडले. ऐन रांगड्या कांद्याच्या लागवडीत दीड महिना हात गळ्यात. पैसे नव्हते म्हणावे तर कमरेच्या पिशवीत साडेतीन हजार रुपये होते. मी विचारले तेव्हा खाली मान घालून म्हणाल्या, "भाऊ, आत सगळी गडीमाणसं बसलेली. मी एकटी बाई जाऊन काय मागू? अन् किती पैसे म्हणतील कोण जाणे."

त्या इस्पितळापासून शंभर पावलांवर एक खानावळ आहे. एक मावशी आणि त्यांची सून चालवतात. मी स्वतः तेथे कितीदा तरी जेवलो आहे. त्या दिवशी वहिनींना भेटायला जाण्यापूर्वीसुद्धा मी तेथूनच जेवून उठलो होतो. आता काय म्हणावे!

तेव्हा वाचकहो, नगरमध्ये स्वस्त, ताजे आणि पोटभर जेवण कसे शोधायचे ते तीस वर्षांच्या फिरतीतून जे कळले त्यावरून सांगतो. दुकानांची नावे मुद्दाम देत नाही. सरकारी नोकराने कोणाची जाहिरात करू नये हे एक, आणि आचारी बदलला की त्याच पाटीखाली चव बदलते हे दुसरे. जागा आणि खुणा सांगतो, त्या सहसा चुकत नाहीत.

पहिली खूणगाठ अशी की हॉटेल वेगळे आणि खानावळ वेगळी. हॉटेलात चहा, मिसळ, भजी, शेवचिवडा, ते न्याहारीपुरते. जेवायचे तर खानावळ गाठावी. आणि खानावळीतही अशी, की जेथे रोज जेवणारी माणसे जेवतात. वाटसरूला एकदा फसवले तरी तो पुन्हा येणार नसतो. ज्याचे महिन्याचे खाते आहे त्याला फसवून मालकाचे भागत नाही.

माळीवाडा स्थानकावर बहुतेकजण उतरतात. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला आली. तेव्हापासून उतारूंच्या भुकेवर या शहरात किती चुली पेटल्या असतील! पण स्थानकाच्या तोंडावरची चकचकीत पाटी पाहून लगेच आत शिरू नका. तेथल्या जागेचे भाडे तुमच्या ताटातूनच वसूल होते. पाच-दहा मिनिटे चालण्याची तयारी ठेवा आणि मार्केट यार्डाच्या बाजूला वळा.

मार्केट यार्डाच्या आसपासच्या खानावळी मला सर्वांत भरवशाच्या वाटतात. हमाल, मापाडी, टेम्पोवाले तेथे जेवतात. दिवसभर पोती उचलणाऱ्या माणसापुढे पातळ आमटी आणि पापडासारखी भाकरी ठेवण्याची कोणाची छाती नाही, आणि त्याच्या खिशाला न परवडणारा भावही तेथे टिकत नाही. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायतीने १९७४ साली "कष्टाची भाकर" सुरू केली ती याच गरजेतून, की अंगमेहनत करणाऱ्याला परवडेल असे चांगले अन्न मिळावे. नगरच्या यार्डाभोवतीच्या खानावळी खाजगी आहेत, तरी गिऱ्हाईक त्याच जातकुळीचे. जागा साधी, बाकडे लाकडी, पंखा कुरकुरणारा. पण पिठले, वांग्याची भाजी, मटकीची उसळ, बाजरीची भाकरी, कांदा आणि खर्डा हे ताट समोर आले की माणसाचा शीण जातो. लिलाव आटोपले की बारा ते दोन गर्दी असते, आणि गर्दीच्या वेळीच जावे. तव्यावरची भाकरी तेव्हाच मिळते. अडीचनंतर सकाळच्या थापलेल्या भाकऱ्या संपवण्याचे काम चालते.

कांदा घेऊन नेप्तीच्या उपबाजारात जाणाऱ्यांना हे जमत नाही, कारण माल सोडून हलता येत नाही. त्यांनी घरून भाकरी न्यावी हेच बरे. नुसता रस्सा किंवा उसळ विकत मिळते, त्यात काही कमीपणा नाही. गावाकडची कोरडी भाकरी आणि वर गरम रस्सा, तीस-चाळीस रुपयांत काम होते.

दवाखान्याच्या कामासाठी येणारे बहुतेक तारकपूर स्थानकाच्या बाजूला असतात, कारण जिल्हा रुग्णालय त्याच भागात आहे. तेथे एका वेळच्या ताटाचा प्रश्न नसतो, चार-आठ दिवसांचा असतो. अशा वेळी रोज नवी खानावळ शोधू नका, डबा लावा. आठवड्याचा डबा बोलला की ताटामागे दहा-वीस रुपये कमी पडतात, आणि बऱ्याच ठिकाणी पोऱ्या डबा दारापर्यंत आणून देतो. बोलतानाच दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. खाडा धरतात का, म्हणजे एखाद्या वेळी डबा नको असेल तर त्याचे पैसे वजा होतात का. आणि रोग्यासाठी वेगळे, बिनतिखटाचे वरण-भात मिळेल का. मावशी-मंडळी चालवतात तेथे हे सहसा मिळते.

अहमदनगर कॉलेज १९४७ पासूनचे, न्यू आर्ट्सही जुने. अशा कॉलेजांच्या परिसरात आणि सावेडीकडे विद्यार्थ्यांच्या मेस आहेत. आपलीच गावाकडची पोरे तेथे जेवतात. तुमचा मुलगा किंवा भाचा शिकायला असेल तर त्याच्याबरोबर पाहुणा म्हणून एक ताट सहज मिळते, आणि तो रोज काय खातो हेही एकदा पाहून होते! रविवारी संध्याकाळी मात्र बहुतेक मेस बंद असतात, हे लक्षात ठेवावे.

बस्ता बांधायला कापडबाजारात येणाऱ्यांची गोष्ट निराळी. बरोबर दहा-पंधरा माणसे, त्यात लहान पोरे आणि म्हातारी. अशा वेळी गर्दीच्या भागात ताट-ताट मागवण्यापेक्षा एकाने आधी जाऊन बोलून यावे. "पंधरा ताटे आहेत, एक वाजता येतो" असे सांगितले की भावही उतरतो आणि जागाही मिळते. लग्नाच्या तिथीच्या दिवसांत हे केले नाही तर तीन वाजेपर्यंत पोरांची रडारड ऐकावी लागेल.

आता अन्नाची पारख. येथे शेतकऱ्याला कोणी शिकवायची गरज नाही, फक्त ताटावर बसल्यावर आपण शेतकरी आहोत हे विसरू नये. बाजरीत स्निग्धांश बराच असतो, त्यामुळे दळल्यानंतर आठ-दहा दिवसांत पिठाला कडवटपणा येऊ लागतो. भाकरीचा पहिला घास कडू लागला तर पीठ जुने आहे हे समजावे आणि पुढच्या खेपेस दुसरीकडे जावे. मालदांडी ज्वारीची भाकरी गोडसर लागते आणि गार झाली तरी लगेच वातड होत नाही. ती मिळाली तर सोडू नका. भजी-वडे कळकट तेलाच्या वासाचे वाटले तर लांबूनच नमस्कार. कोठे शेंगोळे किंवा येसर आमटी लिहिलेली दिसली तर अवश्य बसा, ती करायला वेळ लागतो आणि ज्याला घाई आहे तो ती करत नाही. एक गंमत सांगतो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, आम्हीही गावोगाव मेळावे घेतले, आणि त्यानंतर रस्त्यावरच्या काही ढाब्यांवर मला भाकरीचा दर चपातीच्या वर चढलेला दिसला. बाजारात बाजरीला भाव द्यायची वेळ आली की हेच लोक तोंड फिरवतात. असो.

भाव विचारण्याची लाज सोडा, हे मला फार कळकळीने सांगायचे आहे. बियाणे घेताना आपण दहा दुकाने फिरतो, आणि ताटाचा भाव विचारताना जीभ अडखळते. बसण्यापूर्वी गल्ल्यावर उभे राहून सरळ विचारावे, "ताट कितीला? भरपेट का मोजके? जादा भाकरीचे किती?" साध्या शाकाहारी ताटाला यंदा मला ऐंशी ते एकशेवीस रुपये पडले. मटणाच्या ताटाला याच्या तिप्पट धरून चालावे. मोजके ताट म्हणजे तीन चपात्या किंवा दोन भाकरी आणि भाताची एक मूद. कामकरी माणसाला ते पुरत नाही, मग जादा घेता घेता भरपेट ताटाइतकेच बिल होते. पाण्याची बाटली न मागता टेबलावर ठेवली असेल तर फोडू नका, साधे पाणी मागा. एका ढाब्यावर मी यातले काहीच विचारले नाही, आणि पापड, कांदा-लिंबू, बाटली यांचे मिळून भाजीइतके पैसे मोजून आलो. बी.एस्सी. ॲग्रीची पदवी तेथे काही उपयोगी पडली नाही.

गल्ल्यामागच्या भिंतीवर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक लावलेला असावा लागतो. तो दिसला म्हणजे स्वयंपाक चांगलाच असे नाही, पण मालकाने निदान नोंद केली आहे एवढे कळते. त्यापेक्षा मी हात धुवायला मोरीवर जातो आणि तेथून स्वयंपाकघरात डोकावतो.

ज्यांच्याजवळ खरोखरच पैसे नाहीत त्यांच्यासाठी सरकारने वेळोवेळी योजना काढल्या. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर होती, ती पुढे बंद पडली. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी आली. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. रुग्णालय, एस.टी. स्थानक, बाजार समिती अशा वर्दळीच्या ठिकाणी केंद्रे द्यावीत असे धोरण होते. अनुदान थकल्याच्या केंद्रचालकांच्या तक्रारीही पुढे आल्या. म्हणून त्या भरवशावर घरून निघू नका. जवळ केंद्र दिसले तर चालू आहे का ते विचारा, आणि ताटे ठरावीक असल्याने दुपारी लवकर रांगेत उभे राहा.

भगिनींसाठी थोडे वेगळे. एकटीने खानावळीत जायचे जड वाटते हे मी समजू शकतो. जेथे गल्ल्यावर किंवा चुलीपुढे बाई दिसेल तेथे जावे. आत सगळी गडीमाणसे असली तर दारातच उभे राहून "मावशी, एक ताट पाहिजे, कोठे बसू?" असे विचारावे. तेवढ्याने निम्मे अवघडलेपण जाते. बऱ्याच ठिकाणी आतल्या बाजूला कुटुंबासाठी जागा असते, आणि नसली तर स्वयंपाकघराच्या दाराशी पाट मांडून देतात. तेही नको असेल तर डबा भरून घ्या. घरून निघताना झाकणाचा डबा आणि पेला पिशवीत टाकायला विसरू नका.

आणि पुरुष मंडळींनो, घरातल्या बाईला रोग्यापाशी ठेवून गावी परतणार असाल तर गाडी पकडण्याआधी तिला बरोबर घेऊन खानावळीपर्यंत चालत जा. मालकिणीची ओळख करून द्या, आठ दिवसांचा भाव ठरवा, आगाऊ पैसे देऊन टाका. अर्धा तास लागेल. त्या वहिनींच्या मुलाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, मी पाचशे रुपये जादा ठेवून आलो होतो की." वहिनींच्या पिशवीतल्या साडेतीन हजारांत ते पाचशे होतेच.

पुढे तपासणीसाठी ते पती-पत्नी पुन्हा नगरला आले तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेलो. मावशींनी तव्यावरची भाकरी वाढली. वहिनींचा उजवा हात अजून नीट वळत नव्हता, म्हणून मावशींच्या सुनेने ती कुस्करून दिली.