पालवीचा रंग

‘चैत्रात झाडांना हिरवीगार पालवी फुटते’ हे वाक्य शाळेच्या निबंधापासून आपल्या हाताला बसलेलं आहे. सह्याद्रीत चैत्रात हिंडावं, म्हणजे ते खोटं ठरतं. कुसुंबाची पालवी लालभडक असते. लांबून वाटावं, झाड फुललंय. पिंपळाची तांबूस-गुलाबी, तुकतुकीत. आंब्याची तांबूस, कडेला जांभळट झाक असलेली. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून पुरतं भरलेलं नसतं, तांबडी रंगद्रव्यं मात्र हजर असतात. हिरवेपणा मागाहून येतो, तोही आधी पोपटी, मग गडद. ‘हिरवीगार’ लिहिणाऱ्यानं झाड पाहिलेलंच नसतं, आधीच्या कुणाचं तरी वाक्य पाहिलेलं असतं.

लेखन सजवायला विशेषणं पेरावीत, असं सांगतात. मला ते पटत नाही. विशेषण ही साक्ष आहे. लिहिणारा तिथं होता, त्यानं हात लावून पाहिलं, वास घेतला, हे त्या एका शब्दावरून कळतं. व्याकरणात ‘सुंदर’ हे अविकारी विशेषण: सुंदर डोंगर, सुंदर नदी, सुंदर घर. ते कुणासाठीच बदलत नाही, आणि म्हणूनच मी त्याच्यापासून जरा लांब राहतो.

शेतकरी कधी नुसती ‘छान जमीन’ म्हणत नाही. भुसभुशीत, चिकण, मुरमाड, पाणथळ. काय पेरायचं ते या शब्दांवर ठरतं. स्वयंपाकघरातही तसंच. भात मोकळा, फडफडीत, आसट, नाहीतर गिचका. शेंगदाणे खवट होतात, बंद खोली कुबट होते, डाळ आंबूस लागते; यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. ओठ लालचुटुक असतात, पण निखारा लालचुटुक म्हटला तर वाचणारा थबकतो. इतकी नेमकी भाषा घराघरात बोलली जाते, आणि कागद पुढे ओढला की आपण ‘रम्य’, ‘विलोभनीय’, ‘नयनरम्य’ लिहू लागतो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ 1956 साली आलं. एकेका महिन्याला धरून लिहिलेलं ते पुस्तक मी वरचेवर उघडतो, ते या नजरेसाठी. एकाच झाडाचा रंग दर महिन्याला नव्यानं पाहावा लागतो, हे मला तिथं उमगलं.

सध्या मी आंब्याच्या कोवळ्या पानापाशी अडलो आहे. ते देठापासून खाली लोंबतं, बोटाला गार आणि मऊ लागतं. मलूल म्हणावं तर ते आजारी नाही. लुसलुशीत म्हणावं तर ते गवताला शोभतं. लेचंपेचं म्हटलं तर त्याची तकाकी हरवते. ‘ओलेतं’ असं वहीत लिहून ठेवलंय. पान कोरडं असतं, हे ठाऊक असूनही हा शब्द खोडावासा वाटत नाही.