टनामागे किती घोडे?

घोड्यावर केव्हा बसावं याबद्दल आपल्याकडचा रिवाज मोठा शहाणपणाचा आहे. नवरदेवाला वरातीत घोड्यावर बसवतात, पण लगाम घोडेवाल्याच्या हातात ठेवतात. ज्याच्या अंगात आधीच घोडा संचारलाय, त्याच्या हाती दुसरा घोडा देऊ नये, हा त्यातला अर्थ. हाच अर्थ ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यानं किलोवॅटमध्ये लिहून ठेवला आहे, हे मला सिडनीत मुलाकडे राहायला गेल्यावर कळलं.

नातू अठरा वर्षांचा. तिथं पंचविशीच्या आतल्या शिकाऊ पोराला शेजारी जाणता माणूस बसवून 120 तास गाडी चालवावी लागते. त्यातले 20 रात्रीचे. हे जाणतेपण आमच्या चिरंजीवांनी केलं आणि त्यात त्यांचे उरलेसुरले केस पिकले. मग परीक्षा, आणि मग गाडीला लाल ‘पी’ची पाटी. ही पाटी म्हणजे मोठं सोवळंच. ताशी 90 च्या वर जायचं नाही, दारूचा थेंब चालायचा नाही, फोनला हात लावायचा नाही. रात्री अकरा ते पहाटे पाच गाडीत एकवीस वर्षांखालचा मित्र न्यायचा तो एकच!

एवढ्यावर भागलं असतं. पण नातवानं एक जुनी गाडी घेतली. वजन हजार किलो, इंजिन गरीब स्वभावाचं. आणि त्याच्या मनात आलं, की हे काढून 150 किलोवॅटचं बसवावं.

इथं कायदा पत्रिका मांडून बसतो. रिकाम्या गाडीच्या दर टनामागे 130 किलोवॅटपेक्षा जास्त ताकद असेल, तर ‘पी’वाल्यानं ती चालवायची नाही. 130 किलोवॅट म्हणजे सुमारे 174 घोडे. पूर्वी, 2005 पासून, इंजिनाचं कुळ बघत. आठ सिलिंडरवालं, टर्बोवालं दिसलं की बहुतेक नकारच. त्यात गरीब बिचाऱ्या छोट्या टर्बो गाड्याही अडकत. 2014 च्या ऑगस्टपासून कुळ सोडून गुण बघायला लागले.

नातवाची गाडी एक टनाची, म्हणजे त्याचे गुण आले 150. पत्रिका फिसकटली.

‘‘मग 120 चं बसवतो, आजोबा!’’ तो म्हणाला. पोरगा गणितात हुशार. पण कायदा त्याच्याही आजोबांचा आजोबा. पुढचं कलम म्हणतं, इंजिनात असा बदल केला की ज्याला अधिकृत तपासनिसाचं प्रमाणपत्र लागतं, तर गुण कितीही जुळोत, ‘पी’वाल्याला ती गाडी बंद. गंमत अशी, की गाडी बेकायदा होत नाही. प्रमाणपत्र मिळालं की रस्त्यावर येते. फक्त ती बाबांनी चालवायची. म्हणजे पतंग पोरानं बनवायचा आणि उडवायचा बापानं. चिरंजीवांना हे कलम फारच पसंत पडलं.

नातू मात्र हिरमुसला. म्हणाला, ‘‘म्हणजे सरकारचा माझ्यावर विश्वासच नाही!’’

मी म्हटलं, ‘‘आहे रे, पण हप्त्यानं आहे. लाल पाटी किमान एक वर्ष, हिरवी किमान दोन, मग पुरता.’’

हे बोलताना मला सूनबाई दिसत होती. नातू रात्री बाहेर असला, की फाटकाशी गाडीचा आवाज येईपर्यंत ती पुस्तकाचं एकच पान वाचत बसते. एकट्यानं चालवायला लागल्यावरचे पहिले काही महिनेच सगळ्यांत धोक्याचे असतात. ते तिला कुणी सांगावं लागत नाही. कायदा करणाऱ्यांत कुणीतरी असंच एक पान वाचत बसलेलं असणार.

आपल्याकडेही 1988 च्या मोटार वाहन कायद्यानं सोळा वर्षांच्या पोराला 50 सीसीपर्यंतचीच दुचाकी दिली. चढावर लुनाला पेडल मारून मदत करताना आमच्या आळीतल्या पोरांना वेगाचा मोह पडायला दमच उरत नसे.

शेवटी तोड निघाली. मूळ होतं तसंच, त्याच जातीचं इंजिन बसवायला पत्रिका लागत नाही. बापलेक दोघं मिळून आता दर रविवारी तेलात हात काळे करतात. दोघांत एवढं बोलणं मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

इंजिन बदलायला पाच-सहा रविवार पुरतात. चालवणारा बदलायला सरकारनं तीन वर्षं ठेवलीत. ती मला फार वाटत नाहीत. चिरंजीव पन्नाशीला आले, पण सिग्नलला शेजारी एखादी झोकदार गाडी येऊन थांबली, की त्यांचा उजवा पाय अजूनही अठरा वर्षांचा होतो.