कच्च्या विटा

कुमसारीत, म्हणजे पापकबुलीत, खोटं बोलावं लागत नाही, शब्द मऊ निवडले की भागतं. "कामगारांशी जरा कडक वागतो, फादर," एवढंच मी वर्षानुवर्षं सांगत आलो. देव दयाळू आहे, असं म्हणून फादर प्रायश्चित्ताला नमो मरिया सांगायचे. मी त्या गुडघे टेकून म्हणायचो आणि हलका होऊन घरी यायचो.

कडक म्हणजे काय, ते वहीत होतं. वसईच्या पूर्वेला माझी वीटभट्टी होती. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबं कामाला यायची, त्यातलं एक जामसरचं. भात-नाचणी निघाली की तिकडे शेतात काम उरत नाही, म्हणून मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असायची. मग आठवड्याला खावटी आणि हजार विटांमागे ठरलेला दर, त्यातून उचल वळती. नवरा चिखल तुडवायचा, बायको साच्यातून विटा पाडायची. अवकाळी पाऊस येऊन वाळत घातलेल्या कच्च्या विटांचा चिखल झाला की त्या मी मोजणीतून उडवायचो. मेहनत त्यांची झालेली, पण तोटा माझ्या डोक्यावर नको. हंगाम संपताना उचल 'फिटली नाही' असाच आकडा निघे आणि पुढच्या वर्षी त्यांना माझ्याच भट्टीवर यावं लागे. कायद्यात याला वेठबिगारी म्हणतात आणि १९७६च्या कायद्याने ती बंद आहे. आमच्याच तालुक्यात विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगार सोडवले, त्या बातम्या मी वाचायचो. ते मालक कुणी वेगळेच, अशी माझी समजूत.

पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१५पासून दयेचं जुबिली वर्ष पाळायला सांगितलं. प्रवचनंही दयेवरच होती आणि मला ती आवडायची. उधळ्या पुत्राला बाप धावत जाऊन मिठी मारतो, त्याला पाठ केलेलं बोलणंही पुरं करू देत नाही. त्या दृष्टांतात हिशेब नाही. जक्कयाच्या गोष्टीत आहे. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला हा यरीहोचा जकातदार उंबराच्या झाडावर चढून बसतो. येशू त्याला काहीएक न विचारता, आज तुझ्या घरी उतरणार, असं सांगतो. दया आधी येते, एवढं मी बरोबर उचललं होतं. पण जक्कय तिथेच उभा राहून कबूल करतो की कुणाला नाडून घेतलं असेल तर चौपट परत देईन. ते मी जुन्या काळचा दंड म्हणून सोडून द्यायचो.

त्या उपवासकाळात दुसऱ्या चर्चमध्ये कुमसारीला गेलो आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. जाळीपलीकडून म्हाताऱ्या धर्मगुरूंनी विचारलं, "कडक म्हणजे? पैसे कापलेत?"

"हो."

"किती?"

आठवत नाही, म्हटलं. "वही असेल ना," ते म्हणाले. "पापक्षमा देतो. पण ते पैसे ज्यांचे आहेत त्यांना पोचवा."

तरी वही उघडायला मी पाऊस लागेपर्यंत टाळाटाळ केली. मग जामसरच्या कुटुंबाची बेरीज करून निघालो. चौपटीचा विचार विक्रमगडपर्यंत केला आणि सोडला. कापलं होतं तेवढंच खिशात होतं.

जामसरला आवणी चालू होती. बाई बांधावर आली, हात धुऊन पदराला पुसले आणि नोटा मोजल्या. मी माफीचं बोलणं तयार करून नेलं होतं. 'देवाने मला' एवढ्यावर आलो, तोच तिने विचारलं, "शेठ, पोराच्या इटा धरल्या का यात?"

पोरगा तेव्हा दहा-अकराचा असेल. विटा उलटायच्या, उभ्या करायच्या, वाळल्या की रचायच्या, हे काम त्याचं. वहीत त्याचं नावच नव्हतं, त्यामुळे कापलेल्यांच्या बेरजेतही तो आला नाही. नवरा खाली वाकून रोपं लावत होता, त्याने मान वर केली नाही.

पोराचे पैसे अंदाजानेच काढावे लागले. अंदाज तिचा धरला, माझा नाही, आणि पुन्हा जाऊन दिले. उचलीचं पान त्यांच्यासमोर फाडलं. त्याची शाळा बुडाली ती कशात धरायची, हे मला सुचलं नाही आणि तिने विचारलं नाही. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. त्या दिवाळीनंतर ते भिवंडीकडच्या भट्टीवर गेले.

बाकीच्या कुटुंबांचे हिशेब अजून वहीत आहेत. काही मोखाड्याची आहेत, त्यांची गावं मुकादमाला माहीत आहेत. त्याला फोन करायचा राहिला आहे.