कूर्मदृष्टी

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना कासवाचा दृष्टांत येतो. अवयव आत ओढून घेणारे कासव म्हणजे इंद्रियांना विषयांपासून आवरणारा ज्ञानी. संतवाङ्मयात आणखी एक कासव भेटते, ते मादीच्या रूपात. ही कूर्मी पिलांना दूध पाजत नाही. केवळ दृष्टीने त्यांचे पोषण करते. गुरुकृपेसाठी आणि ईश्वराच्या वात्सल्यासाठी ही प्रतिमा आपल्याकडे रूढ झाली. ही दोन्ही कासवे मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. तिसरे कासव घरी आहे आणि ते या दोघांशी जुळवून घ्यायला मुळीच तयार नाही.

ते आले २०१५ च्या मे महिन्यात. पाचवीत जाणाऱ्या मुलीला घेऊन मी वह्या आणायला बाजारात गेलो होतो. शोभेच्या माशांच्या एका दुकानापाशी ती थबकली. काचेच्या पेटीत नाण्याहून थोडी मोठी, हिरवीगार पिले एकमेकांच्या पाठीवर चढत होती. "साहेब, एवढंच राहतं, वाढत नाही," दुकानदार म्हणाला. दहा मिनिटांत, एखाद्या कवितासंग्रहाच्या किमतीत, पाण्याने भरलेल्या पिशवीतून कासव आमच्या घरी निघाले. वह्या राहूनच गेल्या.

त्याचे नाव रेड-इअर्ड स्लायडर. डोळ्यामागे लाल पट्टा, मूळ गाव अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे. ते वाढते, आणि चांगले ताटाएवढे होते. नीट सांभाळले तर वीस-तीस वर्षे जगते. लहान मुलांना साल्मोनेला जंतूंचा संसर्ग होतो म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. युरोपीय संघाने १९९७ मध्ये या जातीची आयातच थांबवली. आपल्याकडे तारा कासवासारख्या देशी जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाळता येत नाहीत. दुकानातल्या पेटीत हा परदेशी पाहुणा दिसला, तो असा.

स्थितप्रज्ञाचे एकही लक्षण मला त्याच्यात आढळलेले नाही. माझी चाहूल लागताच ते मान लांबवून, चारही पायांनी पाणी घुसळत काचेवर धडका देते. घास पाण्यात असला तरच त्याला गिळता येतो. म्हणून जमिनीवर पकडलेले पान तोंडात धरून ते घाईघाईने टबाकडे वळते. अवयव आत घेते ते भीतीने, वैराग्याने नव्हे. उन्हासाठी गच्चीतला दगड, पाणी गाळणारे यंत्र, आठवड्याला टब घासणे, हे सारे त्याच्या इंद्रियांसाठी आम्ही केलेले विषयांचे आयोजन आहे.

दोन वर्षांत ते तळहाताएवढे झाले, तेव्हा आप्तांनी सुचवले, "देवळाच्या तळ्यात सोडा, पुण्य लागेल." शिवमंदिरात नंदीपाशी दगडी कासव असते, त्याला आपण वाकून नमस्कार करतो, त्यामुळे ही सूचना भाविकपणे येते. परंतु जगातील सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत या जातीचा समावेश आहे. तळ्यात शिरले की ते देशी कासवांचे अन्न आणि उन्हाच्या जागा बळकावते. आपल्या टबाची सुटका आणि त्या प्राण्याची मुक्ती या दोन गोष्टी एक नव्हेत. ते घरीच राहिले.

प्रत्यक्षातील कासवी अंडी वाळूत किंवा मातीत पुरते आणि निघून जाते. पिलांकडे ती वळूनही पाहत नाही. मग कूर्मदृष्टी आली कुठून? मला वाटते, आपल्यावर कुणाची तरी नजर असावी, या माणसाच्या आर्ततेतून. प्राणिशास्त्राच्या कसोटीवर ही प्रतिमा टिकत नाही, पण पोसणे म्हणजे पाहणे, हे तिला अचूक कळले आहे. कासव ओरडत नाही, शेपूट हलवत नाही, कण्हत नाही. डोळे सुजले आहेत का, कवच मऊ पडले आहे का, काल खाल्ले होते का, हे पाहणाऱ्याला दिसले तरच कळते. आमच्या घरात कूर्मदृष्टी आहे ती माणसांची.

भावकवितेवर बोलताना आपण उत्स्फूर्ततेचे कौतुक करतो. तो क्षण खराच असतो. हिशेब करून कुणी जीव लावत नाही. पण त्या क्षणापुढे तीस वर्षे असू शकतात, याची चर्चा समीक्षेत होत नाही, ती घरात करावी लागते. मुलगी आता शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात असते. मी निवृत्त होईन तेव्हाही हे कासव ऐन भरात असेल. गेल्या सुट्टीत तिच्याशी मी हा विषय काढला. ती म्हणाली, "बाबा, टब मावेल एवढ्या गॅलरीचं घर बघीन मी." घराचा अजून पत्ता नाही. टबाचे माप मात्र तिने घेऊन ठेवले आहे.