डोकें कोणाचें?

पुण्यांत हेल्मेटसक्तीचा विषय निघाला, कीं एरवींचे शांत गृहस्थही हमरीतुमरीवर येतात. मोटार वाहन कायद्याचें (१९८८) १२९ वें कलम दुचाकीस्वारास हेल्मेट घालावयास सांगतें. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनें त्यास १,००० रुपये दंड ठरविला. “डोकें माझें, फुटलें तर माझें फुटेल!” असें म्हणून माझा एक विद्यार्थी १८५९ सालचा मिल्लचा स्वातंत्र्यावरील निबंध मजपुढें करतो. (तो निबंध मींच शिकविलेला!) परंतु दुसऱ्याविषयींचें निश्चित कर्तव्य ज्यानें मोडतें, तें वर्तन मिल्लही खासगी मानीत नाहीं. फुटलेलें डोकें रुग्णालयाच्या खाटेवर आलें, कीं तें उशाशीं बसलेल्या आईचें होतें.

“मग पगडी बांधणाऱ्या शिखांस त्याच कलमांत सूट कां? त्यांस आई नाहीं?” हा त्याचा दुसरा प्रश्न मात्र बोचतो. श्रद्धेचा मान राखावा हें मला मान्य आहे. तथापि माझ्या युक्तिवादांत ती सूट बसत नाहीं, हेंही खरें. पण एकास सूट मिळाली, एवढ्यानें दुसऱ्याची कवटी कांहीं कठीण होत नाहीं. हें मीं त्यास सांगितलें. तो हंसला, आणि बोडक्याच डोक्यानें कात्रजच्या घाटाकडे निघून गेला.